हायझेनबर्गची गाडी आणि श्रोडिंगरचे मांजर: पुंजभौतिकीतले विनोद वर्गात सांगावेत का?

तरंगफल (धागाकर्ता)

मी एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. ‘अनिश्चिततेचे तत्त्व स्पष्ट करा’ असा चार गुणांचा प्रश्न होता. पुंजभौतिकीतले, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्रातले, हे तत्त्व हायझेनबर्गचे: कणाचे स्थान आणि वेग दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके असू शकत नाहीत. एका मुलाने निळ्या शाईत, अगदी वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘हायझेनबर्ग गाडीतून जात असताना हवालदाराने त्याला अडवले आणि विचारले, तुम्ही किती वेगाने चालला होतात ते ठाऊक आहे का? हायझेनबर्ग म्हणाला, नाही, पण मी कुठे आहे ते मला नक्की ठाऊक आहे.’ त्याखाली पट्टीने चौकट आखून निष्कर्ष दिला होता, ‘म्हणून गाडीचे स्थान आणि वेग एकाच वेळी कळत नाहीत.’

हा विनोद वर्गात मीच सांगितला होता आणि मुले मनापासून हसली होती. विनोद लक्षात राहिला, तत्त्व मात्र चुकीचे लक्षात राहिले. मी त्याला एक गुण दिला, पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही. पुंजभौतिकीतले आणि भौतिकशास्त्रज्ञांवरचे विनोद शिकवताना उपयोगी पडतात, की कायमचा गैरसमज रुजवून जातात? आपले अनुभव अवश्य लिहावेत. आपल्याला आवडलेले विनोदही लिहावेत, म्हणजे कोणता विनोद काय शिकवतो ते एकत्र पाहता येईल.

लोलक

सर, माझा कौल विनोदाच्या बाजूने आहे. आमच्या सरांनी हाच विनोद पुढे वाढवून सांगितला होता. हवालदार म्हणतो, ‘तुम्ही ताशी १२० किलोमीटर वेगाने चालला होतात.’ त्यावर हायझेनबर्ग कपाळाला हात लावतो, ‘झाले, आता मी कुठे आहे तेच कळेनासे झाले!’ मग हवालदार गाडीची डिकी उघडतो आणि ओरडतो, ‘आत मेलेले मांजर आहे!’ मागच्या आसनावरचा श्रोडिंगर म्हणतो, ‘आता आहे खरे.’ वीस वर्षे झाली, त्या वर्षातली बाकी व्याख्याने विसरलो, पण मापन केल्याने काहीतरी बदलते एवढे या विनोदामुळे डोक्यात पक्के बसले.

मडगावकर

लोलक, नेमके तेच चुकीचे बसले आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. सविस्तर सवडीने लिहितो.

भाषांतरवेडी

मांजराविषयी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मांजराचा विनोद नंतर कोणी रचला नाही, ते मांजर मुळातच उपहास म्हणून जन्माला आले. एर्विन श्रोडिंगरने १९३५च्या नोव्हेंबरमध्ये एका जर्मन विज्ञानपत्रिकेत हे उदाहरण दिले. पोलादी पेटीत मांजर, किंचितसा किरणोत्सारी पदार्थ, किरणोत्सार टिपणारे गायगर गणित्र, एक हातोडी आणि हायड्रोसायनिक आम्ल या विषाची कुपी. तासाभरात एक अणू फुटण्याची आणि एकही न फुटण्याची शक्यता सारखीच. फुटला तर गणित्र हातोडी सोडणार, कुपी फुटणार आणि मांजर मरणार. आता पुंजभौतिकीचे समीकरण जसेच्या तसे घेतले, तर तासाभराने पेटीतल्या अवस्थेत जिवंत आणि मेलेले मांजर समसमान मिसळलेले निघते.

हे उदाहरण देताना ‘अगदी हास्यास्पद प्रसंगही रचता येतात’ अशा अर्थाचे शब्द त्याने स्वतः वापरले होते. मांजर खरोखर अर्धे जिवंत असते असे त्याला सांगायचे नव्हते. ‘तुमचे म्हणणे खरे धरले तर असले काहीतरी मान्य करावे लागेल’, असा तो कोपनहेगनच्या मंडळींना, म्हणजे नील्स बोर, हायझेनबर्ग आणि त्यांच्या मताच्या शास्त्रज्ञांना काढलेला चिमटा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आइनस्टाइनने त्याला लिहिलेल्या पत्रात बंदुकीच्या दारूचे असेच उदाहरण होते: स्फोट झालेली आणि न झालेली दारू एकाच अवस्थेत. आज मात्र चहाच्या कपांवर आणि सदऱ्यांवर हे मांजर सिद्धान्ताचे बोधचिन्ह म्हणून मिरवते. ज्या मताची खिल्ली उडवायची होती, त्याच मताचा झेंडा त्या बिचाऱ्या मांजराच्या पंजात दिला गेला, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

तरंगफल

ताई, फार मोलाची माहिती दिलीत. एका मुलीने मला वर्गात विचारले होते, ‘सर, पण मांजराला स्वतःला कळत नाही का?’ मी तेव्हा हसून पुढे गेलो. तो प्रश्न हसण्यावारी न्यायला नको होता.

मडगावकर

त्या मुलीचे कौतुक करायला हवे, कारण हाच प्रश्न पुढे मोठमोठ्यांनी गांभीर्याने विचारला. निरीक्षक कोणाला म्हणायचे? गणित्राला, मांजराला, की पेटी उघडणाऱ्याला? याचे आज पुष्कळसे मान्य झालेले उत्तर असे की, पेटीतल्या हवेचे रेणू आणि उष्णतेचे किरण मांजरावर सतत आदळत असतात, त्यामुळे दोन अवस्थांमधला नाजूक मेळ कल्पनेपलीकडच्या वेगाने विस्कटतो. कोणी डोकावून पाहण्याची वाट बघावी लागत नाही. तरीही दोहोंपैकी एकच निकाल आपल्या वाट्याला का येतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

कोयनाकाठ

आपण माणसांवरच्या विनोदांकडेही वळू या. माझा सर्वांत आवडता विषय म्हणजे ‘पाउली परिणाम’. वोल्फगांग पाउली सिद्धान्तात इतका थोर की प्रयोगशाळेच्या नुसत्या जवळपास आला तरी उपकरणे मोडतात, अशी त्याची ख्याती होती. हॅम्बुर्गमध्ये ओटो स्टर्नने त्याला आपल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायला मनाई केली होती. एकदा गॉटिंगेनला जेम्स फ्रांकच्या प्रयोगशाळेत एक महागडे उपकरण काही कारण नसताना बिघडले. पाउली तर तिथे नव्हता. पुढे कळले की तो रेल्वेने कोपनहेगनला निघाला होता आणि नेमक्या त्याच वेळी त्याची गाडी गॉटिंगेन स्थानकात उभी होती!

मित्रांनी एकदा त्याची गंमत करायचे ठरवले, असे सांगतात. तो दार उघडून आत येताच छताचे झुंबर खाली यावे अशी दोरी बांधून ठेवली. पाउली आला, दोरी कप्पीत अडकली आणि झुंबर जागचे हलले नाही. पाउली परिणामाचा याहून चांगला पुरावा कोणता?

विवेकवाटा

कोयनाकाठ, किस्सा वाचून हसलो, पण एक काळजी मनात आहे ती लिहितो. मी गावोगावी शाळांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी बोलायला जातो. दर तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी विचारते की, ‘पाहिल्याने वास्तव बदलते’ असे विज्ञानानेच सिद्ध केले आहे ना, मग नुसत्या इच्छेने आजार का बरा होऊ नये? ‘क्वांटम’ हा शब्द लावून माळा, पाण्याच्या बाटल्या आणि उपचार विकणारी माणसे या अर्धवट कल्पनांवरच जगतात. माझ्या एका नातेवाइकाने असल्या उपचारापायी चार महिने औषध बंद ठेवले होते आणि ते दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. म्हणून ‘पाउली जवळ आला आणि यंत्र बिघडले’ हे सांगताना तो योगायोग होता, हेही त्याच दमात सांगावे, एवढीच विनंती आहे.

कोयनाकाठ

मान्य आहे. जी यंत्रे पाउली नसताना बिघडली, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, हे वाक्य मी यापुढे किश्श्याला जोडून सांगेन.

उत्तरध्रुव

मी कोपनहेगनला राहतो आणि कामाला जाताना ब्लेग्डाम्सवाय रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या इमारतीवरून जातो. नील्स बोरची संस्था १९२१ साली सुरू झाली ती हीच. बाहेरून अगदी साधे घर वाटते, नावाची पाटी पाहिली नाही तर माणूस सरळ पुढे निघून जाईल. या इमारतीत १९३२च्या वसंत ऋतूतल्या परिषदेत तरुण शास्त्रज्ञांनी एक प्रहसन केले होते. ते जर्मन कवी गोएथच्या मृत्यूचे शताब्दी वर्ष होते, म्हणून त्याच्या फाउस्ट नाटकाचे विडंबन निवडले. लिहिण्यात त्यांच्यातल्या माक्स डेलब्रुकचा मोठा वाटा होता. त्यात परमेश्वर म्हणजे बोर, सैतान म्हणजे पाउली आणि फाउस्ट म्हणजे पाउल एरेनफेस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ. सैतान फाउस्टला ज्या सुंदरीच्या मोहात पाडू पाहतो, ती ग्रेटशेन म्हणजे न्यूट्रिनो!

हा विनोद कळायला मागची हकिगत हवी. पाउलीने ४ डिसेंबर १९३० रोजी ट्युबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र पाठवले होते. ‘प्रिय किरणोत्सारी स्त्री-पुरुषहो’ अशी त्याची सुरुवात होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वाचवायचा तर कोणाला न दिसलेला एक विद्युतभाररहित कण मानावा लागेल, असे त्याने सुचवले आणि झुरिकमध्ये नृत्याचा कार्यक्रम असल्यामुळे मला येता येणार नाही, असेही कळवले. मोठी कल्पना इतक्या हलक्या हाताने मांडली, कारण ती चुकीची ठरण्याची धास्ती त्याला होती. हाच तो न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले.

त्या प्रहसनात बोरलाही सोडले नव्हते. समोरच्याचे म्हणणे पार मोडीत काढण्यापूर्वी ‘मी टीका करण्यासाठी बोलत नाही’ असे म्हणायची त्याला सवय होती आणि ती मंचावर जशीच्या तशी आली. गुरूच्या तोंडावर, गुरूच्या घरात हे करता येत होते आणि माझ्या मते त्या संस्थेचे खरे बळ यातच होते.

विवेकवाटा यांच्यासाठी आणखी एक. दाराला घोड्याची नाल लावलेली असते, पाहुणा विचारतो, ‘तुमचा यावर विश्वास आहे?’ आणि उत्तर येते, ‘मुळीच नाही, पण विश्वास नसला तरी तिचा गुण येतो म्हणे.’ ही गोष्ट सगळीकडे बोरच्या घराची म्हणून सांगतात. हायझेनबर्गच्या आठवणींनुसार मात्र बोर ती आपल्या टिस्व्हिल्ड गावच्या शेजाऱ्याची म्हणून सांगत असे.

लोलक

वाचनखूण साठवली आहे.

जुना_वाचक

विनोद हे टीकेचे साधन कसे होते, याचे सर्वांत धारदार उदाहरण १९३१चे आहे. त्या काळी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन निव्वळ तर्काने १३७ हा आकडा सिद्ध करू पाहत होते. प्रकाश आणि विद्युतभार यांच्या नात्यातला सूक्ष्मरचना स्थिरांक साधारण १/१३७ आहे, त्यावरून हे सारे चालले होते. केंब्रिजमध्ये असलेल्या गिडो बेक, हान्स बेथे आणि वोल्फगांग रीत्सलर या तरुणांनी एक छोटा निबंध लिहून जर्मन पत्रिकेला धाडला आणि तो जानेवारीत छापूनही आला. त्यांचे म्हणणे असे की केवल शून्य तापमान, म्हणजे शक्य तेवढे सर्वांत कमी तापमान, उणे २७३ अंश असते; १३७ची दुप्पट २७४, त्यातून एक वजा केला की २७३; म्हणजे सूक्ष्मरचना स्थिरांक सिद्ध झाला!

क्षणभर पटते, मग ध्यानात येते. उणे २७३ हा आकडा सेल्सिअस अंशांतला आहे आणि सेल्सिअसचा अंश पाणी गोठण्याच्या व उकळण्याच्या बिंदूंमधले अंतर शंभरांत वाटून माणसाने ठरवला आहे. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये सुमारे उणे ४६० येते, मग १३७ कुठे राहिले? संपादकांना हे कळले तेव्हा ते संतापले आणि मार्चमध्ये खुलासा छापावा लागला. निव्वळ आकड्यांच्या जुळवाजुळवीवर उभारलेल्या निबंधांचे स्वरूप दाखवणे हा आमचा हेतू होता, असे लेखकांनी त्यात म्हटले. बेथे तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. तरंगफल सर, हा विनोद वर्गात जरूर सांगा, कारण तो समजला की एकके आणि स्थिरांक यांच्यातला फरक जन्मभर विसरत नाही.

भाषांतरवेडी

बेथेचे नाव निघाले म्हणून दुसरी बाजूही लिहिते. राल्फ आल्फरने जॉर्ज गॅमॉव्हच्या मार्गदर्शनाखाली विश्वाच्या आरंभी मूलद्रव्ये कशी घडली यावर काम केले. निबंध पाठवताना गॅमॉव्हने बेथेचे नाव मध्ये घातले, केवळ आल्फर, बेथे, गॅमॉव्ह असे अल्फा-बीटा-गॅमा जुळावे म्हणून. निबंध १ एप्रिल १९४८च्या अंकात आला. जग हसले, पण आल्फर तेव्हा डॉक्टरेटसाठी झटणारा विद्यार्थी होता. दोन नामवंतांच्या मध्ये आपले श्रेय हरवेल ही त्याची भीती खरी ठरली आणि हा सल त्याच्या मनात पुढेही राहिला. थोराने स्वतःवर किंवा बरोबरीच्यावर केलेला विनोद मला आवडतो. हाताखालच्या मुलाच्या कष्टांवर केलेला विनोद कितीही सुबक असला तरी मी तो हसत सांगू शकत नाही.

शांतारस

भाषांतरवेडी ताईंशी पूर्ण सहमत. पुंजभौतिकीतला थोर ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल डिरॅक याच्या अबोलपणावरचे विनोद वाचताना मला असेच होते. तो इतका कमी बोले की केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी तासाला एक शब्द या प्रमाणाला ‘एक डिरॅक’ असे एकक ठरवले होते. त्याच्या एका व्याख्यानानंतर कोणीतरी म्हणाले, ‘फळ्यावर उजवीकडे वर लिहिलेले समीकरण मला कळले नाही.’ डिरॅक गप्प. अध्यक्षांनी उत्तर देण्याची विनंती केली तेव्हा म्हणाला, ‘तो प्रश्न नव्हता, ते विधान होते.’

मीही हे सांगून हशा मिळवला आहे. नंतर त्याच्या बालपणाविषयी वाचले. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. ब्रिस्टलच्या घरी जेवताना फ्रेंचच बोलायचे, असा त्यांचा दंडक होता. फ्रेंचमध्ये मनातले सांगता येत नाही, म्हणून गप्प राहणेच बरे असे आपल्याला वाटू लागले, अशी आठवण डिरॅकने स्वतः सांगितली आहे. त्यानंतर ‘एक डिरॅक’चा विनोद मी सांगतो तो ही आठवण जोडूनच. समीकरणावरचे उत्तर मात्र मला आजही निर्मळ वाटते, कारण त्यात तो कोणाला हिणवत नाही, शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच घेतो. त्याची समीकरणेही तशीच आहेत, एक चिन्ह जास्त नाही.

लोलक

डिरॅकचा एक आनंदी किस्सा आपल्या देशातला आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यास तो पत्नीसह कोलकात्याला आला होता. सत्येंद्रनाथ बोस त्यांना मोटारीतून नेत होते. डिरॅक पतिपत्नी मागे, बोस पुढे चालकाशेजारी. बोस यांनी आणखी काही विद्यार्थ्यांनाही गाडीत बसायला सांगितले. डिरॅकने विचारले, ‘फार दाटी होणार नाही का?’ बोस मागे वळून म्हणाले, ‘आम्ही बोस सांख्यिकी मानतो!’ बोस सांख्यिकी पाळणारे कण एकाच अवस्थेत हवे तितके मावतात आणि त्यांना ‘बोसॉन’ हे नाव देणारा खुद्द डिरॅकच होता.

मी हे शिकवताना मुंबईच्या लोकलचे उदाहरण देतो. बोसॉनांच्या डब्यात चौथी सीट काय, चाळिसावी सीटही मिळेल. इलेक्ट्रॉनसारख्या फर्मिऑन कणांच्या डब्यात मात्र पाउली उभा असतो: त्याच्या नियमानुसार एका अवस्थेत एकच कण. तिथे चौथी सीट मागायचीच नाही.

मडगावकर

सुंदर! इलेक्ट्रॉनांपुरती एक दुरुस्ती सुचवतो. त्यांच्या प्रत्येक बाकावर दोघांना जागा मिळते, पण एकमेकांकडे पाठ करून बसण्याच्या, म्हणजे परस्परविरुद्ध फिरकीच्या (स्पिनच्या) अटीवर.

दुपारची_पाळी

मी कारखान्यात मोजमापाच्या विभागात काम करतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो. सरांच्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर आकडेमोड करून तपासले. गाडीचे वस्तुमान १००० किलो धरू आणि तिचे स्थान एका मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे असे मानू. अनिश्चिततेच्या सूत्रानुसार वेगातली किमान अनिश्चितता येते ती मीटर प्रतिसेकंदात दशांश चिन्हानंतर चौतीस शून्ये आणि मग पाच. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. एवढा काळ या वेगाने गाडी सरकत राहिली तरी ती एका प्रोटॉनच्या व्यासाइतकेही अंतर कापणार नाही. आता अणूएवढ्या जागेत, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात कोंडलेला इलेक्ट्रॉन घ्या. त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता निघते सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर. सूत्र तेच, फक्त वस्तुमान आणि जागा बदलली.

मडगावकर

सवडीने लिहितो म्हणालो होतो, ते आता लिहितो. विनोदातली दुसरी चूक आकड्यांपलीकडची आहे. हवालदाराने वेग सांगितला आणि हायझेनबर्ग वाट चुकला, म्हणजे मोजण्याने गडबड झाली, असा अर्थ निघतो. लोलक यांच्या मनात बसले ते हेच. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनला नेमके स्थान आणि नेमका वेग दोन्ही असतात पण आपल्या मोजण्याने एक बिघडतो, असे पुंजयांत्रिकीचे म्हणणे नाही. तरंगाला जशी एकाच वेळी नेमकी जागा आणि नेमकी तरंगलांबी असू शकत नाही, तशी ही मर्यादा त्या अवस्थेतच आहे.

पण त्या मुलाला रागावू नका, कारण खुद्द हायझेनबर्गने १९२७ साली हे तत्त्व समजावताना मोजण्याने होणाऱ्या धक्क्याचेच उदाहरण दिले होते. सूक्ष्मदर्शकातून इलेक्ट्रॉन पाहायचा तर गॅमा किरण टाकावा लागेल आणि त्याच्या धक्क्याने वेग बदलेल. त्या उदाहरणातही भिंगाच्या मुखाचा विचार राहून गेला होता आणि ती चूक बोरने दाखवली. गंमत म्हणजे १९२३ साली म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेविषयीच, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या क्षमतेविषयीच विचारले होते आणि त्याला उत्तर आले नव्हते. तो जेमतेम उत्तीर्ण झाला. म्हणजे सर, हायझेनबर्गचेही या प्रश्नात गुण गेले आहेत.

तरंगफल

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी तो विनोद मी पुन्हा सांगितला, पूर्ण सांगितला, मांजरासकट. मुले हसली. मग फळ्यावर सूत्र लिहिले, गाडीचे वस्तुमान दिले आणि म्हणालो, हवालदाराची बाजू बरोबर आहे की हायझेनबर्गची ते काढून दाखवा. दहा मिनिटे वर्गात पेनांखेरीज कसलाही आवाज नव्हता. चौतीस शून्ये मोजताना दोघांची बेरीज चुकली, म्हणून फळ्यावर एकेक शून्य लिहीत गेलो आणि फळ्याची ओळ अपुरी पडली. नंतर इलेक्ट्रॉनचे उदाहरण सोडवले.

ज्याला एक गुण दिला होता त्या मुलाने वही आणून दाखवली. त्याने जुनी चौकट तशीच ठेवून खाली लिहिले होते, ‘गाडीला हा नियम लागू आहे, पण त्याचा परिणाम प्रोटॉनपेक्षाही लहान आहे.’ आणि मांजराचा प्रश्न विचारणारी ती मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, ‘सर, हवालदाराने चुकीच्या आरोपीला धरले. गाडीला सोडून द्यायचे आणि तिच्यातला एखादा इलेक्ट्रॉन अडवायचा!’